जिभेची बखर

राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांची वर्णने बखरींतून सापडतात. गरिबाच्या घासाची नोंद मात्र त्याच्या जिभेलाच ठेवावी लागते. नांदेड-लातूरच्या मुलखात ही जिभेची बखर अजून वाचता येते.

लातूरकडची वेळ अमावस्याच घ्या ना! मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लोक 'येळवस' म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलतात. शेतात कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा होते आणि तिथेच पंगत बसते. ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे आणि पालेभाज्या घालून केलेली भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील! वाटसरूलाही आग्रहाने बसवून घेतात. तीच भज्जी एरवी घरी केली तर तशी लागत नाही. सुगरण तीच असते. पण उभी ज्वारी आणि भोवतीची माणसे घरात कोठून आणावीत?

नांदेडला 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. तेथील गुरुद्वाऱ्याच्या लंगरात आजही जातगोत न विचारता सर्वांना एका पंगतीत बसवतात. जेवण साधे डाळ-रोटीचे. पण मांडीला मांडी लावून खाल्लेली ती डाळ यात्रेकरू गावी जाऊन सांगतो.

मात्र या बखरीतले सर्वांत ठळक पान आहे 1972 च्या दुष्काळाचे. विहिरी आटल्या, आणि कालपर्यंत दुसऱ्याला जेवू घालणारा शेतकरी खडी फोडायला गेला. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे. तिच्या भाकरीचे नाव काढताच जुनी माणसे आजही तोंड वाकडे करतात. पण दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीचा विषय निघाला, की त्याच चेहऱ्यांवर हसू उमटते! आपल्या वाटणीची सुकडी पदरात बांधून आई सांजेला घरी येई; लेकरे उंबऱ्यावर वाट पाहत असत. त्या मूठभर कोरड्या पिठात गूळ किती होता, हे कोणी सांगत नाही. आईने स्वतः खाल्ली नव्हती, एवढेच सांगतात.

त्या वेळची दहा वर्षांची लेकरे आज साठीपलीकडे गेली आहेत. वाचकहो, यंदा फराळाचे ताट पुढे आले, की घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या आठवणीतला एखादा घास विचारून घ्या. ही बखर लिहिलेली नाही. ती ऐकूनच घ्यावी लागते.