शेळ्या-मेंढ्यांची 'बुळकांडी' : एका रोगनिदानाचा इतिहास

मराठीत गुरांच्या प्लेगला बुळकांडी म्हणतात. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या विषाणुजन्य रोगासही तेच नाव चिकटले. या नामसाम्यामागे निदानातील जुना गोंधळ आहे. तीव्र ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडातील व्रण व हगवण ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखीच आढळतात.

इ. स. १९४२ मध्ये आयव्हरी कोस्ट येथे गार्गादेनेक व लालान यांनी या रोगाचे प्रथम वर्णन केले. सोबतच्या गुरांना तो होत नाही, हे त्यांनी नोंदविले होते. तरीही दीर्घकाळ तो बुळकांडीचाच प्रकार समजला गेला. विषाणू स्वतंत्र असल्याचे १९७९ मध्ये सिद्ध झाले. भारतात तमिळनाडूतील अरसूर येथे १९८७ मध्ये त्याची प्रथम नोंद झाली. तत्पूर्वीचे असे उद्रेक बुळकांडीच्याच खाती जमा होत. दोष केवळ पशुवैद्यकांचा नव्हे. दोन्ही विषाणू इतके निकटचे की आगर जेल चाचणीत त्यांतील भेद दिसत नसे. बुळकांडीची लस शेळ्यांचेही रक्षण करी, त्यामुळे संभ्रम अधिकच वाढला.

बुळकांडी निर्मूलनाच्या काळात हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहिला नाही. शेळ्यांतील उद्रेक चुकीच्या नावाने नोंदला गेल्यास देश रोगमुक्त ठरणे अशक्य होते. मोनोक्लोनल प्रतिपिंडांवर आधारित एलायझा आणि पीसीआर या चाचण्यांनी तो पेच सोडविला. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त घोषित झाले. शेळीपालकांच्या बोलीत मात्र तो शब्द पीपीआरसाठी टिकून आहे.