'द मनी स्टोअर': कुणासाठी दहापैकी दहा, कुणासाठी नुसता गोंगाट; डेथ ग्रिप्सच्या अल्बमवर श्रोत्यांचं एकमत का होत नाही?

एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डेथ ग्रिप्स या त्रिकुटाचा 'द मनी स्टोअर' हा अल्बम आला. १३ गाणी आणि जेमतेम ४१ मिनिटं. यूट्यूबवरचे लोकप्रिय संगीत समीक्षक अँथनी फँटानो यांनी त्याला दहापैकी दहा गुण दिले. एखाद्या नव्या अल्बमला पैकीच्या पैकी देण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाने ८.७ गुण दिले.

दुसरीकडे, पहिलं गाणं संपायच्या आत हेडफोन काढून ठेवणारे श्रोतेही तेव्हा होते आणि आजही आहेत. 'याला संगीत म्हणायचं का?' असा त्यांचा थेट सवाल असतो.

एकाच अल्बमबद्दल इतकी टोकाची मतं कशी काय? आणि यातलं खरं कुणाचं मानायचं?

डेथ ग्रिप्स म्हणजे कोण?

कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटोमध्ये २०१० च्या अखेरीस हा ग्रुप सुरू झाला. स्टीफन बर्नेट म्हणजेच एमसी राइड रॅप करतो. झॅक हिल ड्रम वाजवतो. त्याआधी 'हेला' या रॉक बँडमधल्या वेगवान आणि गुंतागुंतीच्या वादनासाठी तो ओळखला जायचा. तिसरा अँडी मॉरिन. कीबोर्ड आणि निर्मितीची तांत्रिक बाजू त्याच्याकडे होती.

२०११ मध्ये त्यांनी 'एक्समिलिटरी' हा संग्रह इंटरनेटवर मोफत दिला. त्याची चर्चा झाली आणि पुढच्याच वर्षी 'एपिक रेकॉर्ड्स'ने त्यांना करारबद्ध केलं. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' ज्या कंपनीने काढला, तीच ही कंपनी. एवढ्या मोठ्या कंपनीने इतकं आडवळणाचं संगीत काढावं, याचंच तेव्हा अनेकांना नवल वाटलं होतं.

अल्बम ऐकायला कसा आहे?

'गली बॉय'मुळे घराघरात पोहोचलेला रॅप आठवा. मागे एका लयीत चालणारा ठेका असतो आणि त्यावर प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. 'द मनी स्टोअर'मध्ये हा हिशोबच उलटा आहे.

इथे ठेका आणि इलेक्ट्रॉनिक आवाज अंगावर येतात. आवाज मुद्दाम इतका वाढवलेला असतो की स्पीकर फाटल्यासारखा वाटावा. ध्वनिमुद्रणाच्या भाषेत याला 'डिस्टॉर्शन' म्हणतात. एमसी राइड बराच वेळ ओरडतो, मध्येच पुटपुटतो. पहिल्यांदा ऐकताना निम्मे शब्दही हाती लागत नाहीत.

वापरलेले आवाजही चमत्कारिक आहेत. 'सिस्टिम ब्लोअर' या गाण्यात टेनिसपटू व्हीनस विल्यम्स फटका मारताना जो हुंकार देते तो आहे आणि कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या स्कायट्रेन या रेल्वेचा आवाजही आहे. 'गेट गॉट' या पहिल्या गाण्यातला तुकडा पश्चिम आफ्रिकेतल्या एका गाण्याचा आहे. सहारा परिसरातल्या लोकांच्या मोबाइलमधून जमवलेल्या गाण्यांच्या एका संग्रहातून तो आला.

आवडणारे काय म्हणतात?

चाहत्यांचा पहिला मुद्दा ऊर्जेचा असतो. राग, भीती, घुसमट या भावना समजावून सांगण्याऐवजी अल्बम त्या थेट ऐकणाऱ्याच्या अंगात उतरवतो, असं त्यांना वाटतं. ऐकून झाल्यावर मन मोकळं झाल्यासारखं वाटतं, असंही अनेक जण सांगतात.

दुसरा मुद्दा रचनेचा. वरवर गोंधळ वाटला तरी बहुतेक गाण्यांत लक्षात राहणारी धून किंवा पुन्हा पुन्हा येणारी ओळ असते. 'हॅकर' हे शेवटचं गाणं तर चक्क नाचण्याजोगं आहे. कर्कशपणा आणि पॉप गाण्याची पकड एकत्र आणणं हेच या अल्बमचं यश, असं त्याला मानणारे म्हणतात.

तिसरा मुद्दा काळाचा. 'आय्व्ह सीन फुटेज' हे गाणं धक्कादायक व्हिडिओ सतत पाहून बधिर होत गेलेल्या मनाबद्दल आहे. हे गाणं आलं तेव्हा रील्स नव्हत्या. आजचे तरुण श्रोते ते स्वतःच्या स्क्रोलिंगशी जोडून ऐकतात.

न आवडणारे काय म्हणतात?

सर्वात मोठी तक्रार आवाजाची. सतत ओरडणं आणि सतत वरच्या पट्टीतला कल्लोळ यामुळे थकवा येतो. सगळंच टोकाचं असेल तर टोकाला अर्थ उरत नाही, हा त्यांचा आक्षेप आहे.

रॅपचे जुने रसिक वेगळी अडचण सांगतात. शब्दांची कारागिरी, यमकं, गोष्ट सांगण्याची हातोटी यासाठी ते रॅप ऐकतात. इथे रॅपरचा आवाज हेच एक वाद्य झालंय आणि शब्द मागे पडलेत, असं त्यांचं म्हणणं असतं.

तिसरा आक्षेप आशयावर आहे. गाण्यांत हिंसा, नशा, संशय आणि वेडाच्या सीमेवरची माणसं आहेत. मुखपृष्ठावर गळ्यात पट्टा बांधलेली व्यक्ती आणि तो पट्टा धरून सिगारेट ओढणारी दुसरी व्यक्ती आहे. यावर चाहते म्हणतात, अंधार दाखवणं म्हणजे त्याचं समर्थन करणं नव्हे. विरोधक म्हणतात, अंधार दाखवून पुढे काय? अल्बम स्वतः याचं उत्तर देत नाही. त्यात निवेदक नाही, उपदेश नाही. त्यामुळे हा वाद मिटतही नाही.

कंपनीशी झालेल्या भांडणाचा मतांवर परिणाम झाला का?

बराच झाला. अल्बमनंतरचा दौरा ग्रुपने पुढच्या अल्बमचं काम पूर्ण करण्यासाठी रद्द केला. मग १ ऑक्टोबर २०१२ रोजी 'नो लव्ह डीप वेब' हा नवा अल्बम एपिकला न जुमानता मोफत खुला केला. त्याच्या मुखपृष्ठावर पुरुषाच्या गुप्तांगाचं छायाचित्र होतं. पुढच्याच महिन्यात कंपनीने संबंध तोडले.

कुणाला हा कलावंताचा ताठ कणा वाटला, तर कुणाला प्रसिद्धीचा स्टंट. तेव्हापासून 'द मनी स्टोअर' कोऱ्या पाटीने ऐकणं अवघड झालं. अल्बमबद्दलच्या मतात ग्रुपबद्दलचं मतही मिसळू लागलं.

पुन्हा पुन्हा ऐकलं की आवडतो?

'आधी अजिबात झेपला नाही, पाचव्यांदा ऐकताना कळला', हा अनुभव अनेक चाहते सांगतात. याला मानसशास्त्राचा आधार आहे. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती अधिक आवडू लागते, हे रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं. पहिल्या वेळी नुसता कल्लोळ ऐकू येतो. पुढे काय येणार हे मेंदूला ठाऊक झालं की त्याच कल्लोळात ठेका आणि धून सापडायला लागते.

पण या युक्तिवादाची दुसरी बाजूही आहे. ज्यांना अल्बम खरंच आवडला नाही, ते पाचव्यांदा ऐकायला थांबतच नाहीत. ते मतही नोंदवत नाहीत, दुसरं काहीतरी लावतात. दहा वर्षांनंतर या अल्बमबद्दल बोलणारे बहुतेक जण थांबलेले असतात. म्हणून आज त्याला मिळणारे भरघोस गुण पाहताना एक लक्षात ठेवायला हवं. ते सगळ्या श्रोत्यांचं सरासरी मत नाही, मागे राहिलेल्यांचं मत आहे.

त्यामुळेच 'तुला कळलाच नाही' हे चाहत्यांचं ठेवणीतलं उत्तर अर्धंच खरं आहे. काहींना तो खरंच पुढे कळतो. काहींना तो पहिल्याच वेळी पूर्ण कळलेला असतो आणि तरीही नको असतो. उलट बाजूने, 'हा नुसता गोंगाट' म्हणून हात झटकणंही टिकत नाही. कारण डेथ ग्रिप्सने २०१२ मध्ये आइसलँडची गायिका ब्यर्कच्या गाण्यांची रिमिक्सं केली आणि २०१३ मध्ये कान्ये वेस्टचा 'यीझस' आला तेव्हा त्यातल्या खरखरीत आवाजाची तुलना अनेकांनी याच ग्रुपशी केली. आवडो न आवडो, पुढच्या रॅपवर या आवाजाची सावली पडली.

ऐकून बघायचा असेल तर?

सुरुवात 'आय्व्ह सीन फुटेज' किंवा 'हॅकर'पासून करा. ही दोन गाणी त्यातल्या त्यात सोपी आहेत. मग 'गेट गॉट' ऐका आणि जमलं तर सलग ४१ मिनिटं द्या. हेडफोनचा आवाज मात्र बेताचाच ठेवा, कारण मुद्रणातच तो फाटलेला आहे. तिथवर जाऊनही नकोसा वाटला, तर तेही या अल्बमबद्दलचं एक पूर्ण मत आहे. त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही.