लाल ठिपक्याचं विमान

माझे मामू बहारिनला नोकरीला होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते सुट्टीवर आले, तेव्हा अत्तर आणि कापडाबरोबर माझ्यासाठी एक खोका घेऊन आले. वर झेपावणाऱ्या स्पिटफायरचं चित्र, आत प्लास्टिकचे सुटे तुकडे. मला वाटलं, वाटेत मोडलं! विमान आपणच जोडायचं आणि रंगवायचं, हे मामूंनी समजावलं. योग्य रंग आमच्या गावात कुठले मिळणार? दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून थोडा थोडा ऑइलपेंट मागून आणला. पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं फाटली, म्हणून पंखांवरची वर्तुळं मामूंच्या समोर बसून हातानंच काढली. मधोमध लाल ठिपका. कॉकपिटच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, तो आजही आहे.

या छंदाचा इतिहास मी पुढे वाचत गेलो, तेव्हा कळलं की हा खेळ एके काळी जीवन-मरणाच्या कामाला जुंपलेला होता.

दुसरं महायुद्ध पेटून ब्रिटनला जेमतेम तीन दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९. शत्रू आल्याची खोटी वर्दी मिळाली आणि ब्रिटिश विमानं झेपावली. त्या गोंधळात स्पिटफायरच्या वैमानिकांनी आपलीच दोन हरिकेन जर्मन समजून पाडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण त्यात गेला. त्या युद्धात मारला गेलेला ब्रिटनचा हा पहिला लढाऊ वैमानिक, आणि तोही आपल्याच माणसांच्या गोळीनं.

आकाशातलं विमान आपलं की परकं, हे क्षणात ओळखायचं कसं? १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलानं शाळांकडे विमानांची पाच लाख लाकडी मॉडेलं मागितली. पन्नास प्रकारची विमानं, प्रत्येकाची दहा हजार. माप १:७२, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट तिथे मॉडेलचा एक इंच. असं मॉडेल पस्तीस फुटांवर धरलं, की सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. शाळकरी मुलं लाकूड तासत, पुठ्ठ्याचा साचा लावून वळण तपासत आणि शेवटी सगळं काळं रंगवत. उजेडाच्या बाजूला पाहणाऱ्याला रंग कुठला दिसायला? दिसते ती आकृती.

मला यातली एक गोष्ट सोडवत नाही. त्या मुलांना शत्रूचीही विमानं करायची होती. ज्या निगुतीनं आपलं विमान तासायचं, तितक्याच निगुतीनं जपानी आणि जर्मन विमान. तिथे रागाच्या भरात पंखाचा बाक चुकवून चालणार नव्हतं.

युद्ध संपलं आणि प्लास्टिकचा जमाना आला. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीनं १९५२ मध्ये ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा संच वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकला आणि पुढच्याच वर्षी स्पिटफायर काढलं. आता काळ्या रंगावर कोण समाधान मानणार? हिरव्याची नेमकी छटा कोणती, यावर मोठी माणसं अजून भांडतात. जाणकार कारागीर खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा लावत नाहीत, त्यात किंचित पांढरा मिसळतात. लांबचा डोंगर फिकट निळा दिसतो ना, तसंच हे. मधल्या हवेचाही रंग मॉडेलला द्यावा लागतो. कवितेतही असं काही करावं लागतं, पण तो विषय वेगळा.

माझं विमान भारतीय हवाई दलाचं, असं मी लहानपणी सर्वांना सांगत असे. आपल्या आठव्या स्क्वॉड्रननं ब्रह्मदेशच्या आघाडीवर स्पिटफायर उडवलीही होती. पण तिकडच्या विमानांवर लाल ठिपका नव्हता! जपानी विमानांवर लाल गोळा असे. खालचा तोफची लाल दिसताच गोळी झाडायचा. म्हणून पूर्वेकडे दोस्तांच्या वर्तुळातला लाल काढून टाकला गेला आणि गडद व फिकट निळा एवढेच रंग उरले.

हे वाचल्यावर एकदा कपाटावरून विमान खाली काढलं, धूळ पुसली, निळ्या रंगाची बाटली उघडली. ब्रश बुडवला. मामूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला आणि विमान होतं तसं वर ठेवून दिलं.