थिजणारी आभासी यंत्रे : एक जुने कोडे

एकाच संगणकात दोन-तीन स्वतंत्र संगणक असल्याचा आभास सॉफ्टवेअरच्या मदतीने निर्माण करता येतो. यांना आपण आभासी यंत्रे म्हणतो. शाळेतल्या एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी दाखवायला ही सोय फार उपयोगी. पण पुष्कळदा असे होते, की यंत्र थोडा वेळ नीट चालते, मग थिजते; माऊसही हलत नाही. काही वेळाने आपोआप सुरू होते आणि पुन्हा थिजते. स्मृती कमी पडत असेल असे समजून आपण आभासी यंत्राची स्मृती वाढवतो, तर त्रास कधीकधी आणखीच वाढतो! असे का व्हावे? उत्तरासाठी १९६० च्या दशकात जावे लागेल.

१९६२ साली मँचेस्टरला टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'अ‍ॅटलस' संगणक सुरू झाला. त्याची मुख्य स्मृती जेमतेम १६ हजार शब्दांची होती. जोडीला फिरत्या चुंबकीय ड्रमवर ९६ हजार शब्द मावत. या साठ्याची ५१२ शब्दांची 'पाने' पाडली होती. हवे ते पान ड्रमवरून आणणे, नको ते परत ठेवणे हे काम संगणकच करी. प्रोग्राम लिहिणाऱ्याला सगळी मिळून एकच मोठी स्मृती दिसे.

पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आय.बी.एम.च्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने 'सीपी-४०' ही प्रणाली तयार केली. जानेवारी १९६७ मध्ये ती वापरात आली. एका संगणकावर १४ आभासी यंत्रे चालत. प्रत्येकाला २५६ किलोबाइट, म्हणजे ६४ पाने स्मृती असल्याचे भासे. गणित करून पाहू : १४ गुणिले ६४ म्हणजे ८९६ पाने. खऱ्या स्मृतीत मात्र जागा होती फक्त ६४ पानांची!

मग हे चालत कसे होते? वह्या तपासणाऱ्या शिक्षकांचे उदाहरण घेऊ. वर्गाच्या साठ वह्या कपाटात असल्या तरी टेबलावर एका वेळी चार-पाचच लागतात. प्रोग्रामचेही तसेच असते. एका वेळी त्याला थोडीच पाने लागतात. पण त्याच टेबलावर सहा शिक्षक बसले तर? एकाने वही आणायची, तिला जागा करायला दुसऱ्याची वही कपाटात जायची. सगळ्यांचा वेळ येरझाऱ्यांत जाणार, तपासणी शून्य! अ‍ॅटलसमध्ये मुख्य स्मृतीला सुमारे २ मायक्रोसेकंद लागत, तर ड्रमला सरासरी सुमारे ६ मिलिसेकंद; म्हणजे येरझारा तीन हजार पट महाग. या अवस्थेला 'थ्रॅशिंग' हे नाव पडले.

१९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी तिचे कारण उलगडले. नुकत्याच गेलेल्या ठरावीक कालावधीत प्रोग्रामने वापरलेली पाने म्हणजे त्याचा 'कार्यसंच'. सर्व कार्यसंचांची बेरीज खऱ्या स्मृतीबाहेर गेली, की यंत्र कोलमडते. त्यातून प्रोसेसर रिकामा दिसतो, म्हणून प्रणाली आणखी काम आत घेते आणि स्थिती अधिकच बिघडते. उपाय साधा होता : ज्याचा कार्यसंच मावतो त्यालाच आत घ्या, इतरांना थांबवा. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे 'सीपी-६७' या पुढच्या प्रणालीवर हा उपाय बसवून पाहिला गेला. त्याची मोजमापे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली.

आता आपल्या कोड्याकडे येऊ. ८ गिगाबाइट स्मृतीच्या संगणकावर दोन यंत्रांना ४-४ गिगाबाइट दिले, तर यजमान संगणकाला स्वतःसाठी काय उरले? त्याची पाने डिस्कवर हाकलली जातात. विषाणुशोधक किंवा अद्ययावतीकरण जागे झाले की बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि सगळे थिजते. ते काम संपले की सुटते. म्हणून हा त्रास अधूनमधून होतो. अशा वेळी यंत्रांची स्मृती कमी करावी, किंवा एका वेळी एकच यंत्र चालवावे.

थिजण्याची इतरही कारणे असतात. उदाहरणार्थ, आभासी यंत्रांना प्रोसेसरचे गाभे प्रमाणाबाहेर देणे. म्हणून सेटिंग बदलण्याआधी विद्यार्थ्यांना टास्क मॅनेजर उघडायला सांगावे. स्मृती भरलेली, डिस्क सतत कामात आणि प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा दिसला, तर समजावे की येरझाऱ्याच चालल्या आहेत.