तीव्र अम्लांची विसंगती आणि ज्ञानेंद्रचंद्र घोष

अम्ल पाण्यात विरघळल्यावर त्याचे नेमके काय होते, या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर स्वांते अऱ्हेनिअस याने दिले, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. ते उत्तर ज्या अम्लांच्या बाबतीत उत्तम लागू पडले ती सौम्य अम्ले होत. ज्यांच्यापाशी ते अडले ती हायड्रोक्लोरिक, नायट्रिक यांसारखी तीव्र अम्ले होत. या अडचणीचा इतिहास मात्र आपल्या अध्यापनात क्वचितच येतो. पदवीच्या वर्गात ऑस्टवाल्डचा विरलता-नियम शिकविला जातो आणि पदव्युत्तर वर्गात डिबाय-ह्यूकेल सिद्धांत. मधल्या पस्तीस वर्षांत काय घडले, हे विद्यार्थ्याने स्वतःच ताडावे अशी जणू अपेक्षा असते.

अऱ्हेनिअसने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात आयनांचा सिद्धांत अद्याप पूर्णत्वास गेला नव्हता. विद्रुत पदार्थाचा काही भाग ‘सक्रिय’ व उरलेला ‘निष्क्रिय’ असतो, एवढेच त्यात प्रतिपादन होते. परीक्षकांनी प्रबंधास हलकी श्रेणी दिली. परंतु रीगा येथे विल्हेल्म ऑस्टवाल्ड त्याच सुमारास अम्लांचे तुलनात्मक सामर्थ्य मोजत होता. उसाच्या साखरेचे जलीय विघटन कोणते अम्ल किती वेगाने घडविते, यावरून त्याने अम्लांचा जो क्रम लावला होता, तोच क्रम विद्युत् संवाहकतेवरूनही मिळतो, हे त्याच्या ध्यानी आले आणि तो स्वतः उप्सालास जाऊन अऱ्हेनिअसला भेटला. १८८७ मध्ये, व्हांट हॉफच्या तर्षण दाबाविषयीच्या कार्याचा आधार घेऊन, अऱ्हेनिअसने विगमनाचा सिद्धांत स्पष्ट शब्दांत मांडला. कोणतेही तीव्र अम्ल कोणत्याही तीव्र क्षारकाने उदासीन केले, तरी विरल विद्रावात दर सममूल्यास सुमारे १३,७०० कॅलरी एवढीच उष्णता का मिळते, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यामुळे झाला. विक्रिया वस्तुतः एकच असते : हायड्रोजन आयन व हायड्रॉक्सिल आयन यांपासून पाणी होणे.

१८८८ मध्ये ऑस्टवाल्डने या सिद्धांतास वस्तुमानक्रियेचा नियम लावला. संवाहकतेवरून काढलेली विगमनाची मात्रा खरी असेल, तर संहती कितीही बदलली तरी एक विशिष्ट राशी स्थिर राहिली पाहिजे. २५° सें. तापमानाच्या आधुनिक मापनांवरून हे पडताळून पाहू. ॲसेटिक अम्लाची संहती लिटरास ०.१ मोलपासून ०.००१ मोलपर्यंत शंभरपट उतरविली, तर मात्रा शेकडा १.३ पासून सुमारे १२.६ पर्यंत चढते. पण स्थिरांक एक लक्षांश गुणिले १.८ च्या आसपासच राहतो. हायड्रोक्लोरिक अम्लाच्या बाबतीत मात्रा शेकडा ९२ पासून ९९ पर्यंत जाते आणि तथाकथित स्थिरांक १.०३ पासून ०.०९ पर्यंत घसरतो. अकरापटींहून अधिक बदलणाऱ्या राशीस स्थिरांक म्हणणे कठीण आहे.

ही विसंगती कोणी दडवून ठेवली नाही. तिला नाव मिळाले, ग्रंथांत स्थान मिळाले आणि मग तिची सवय झाली. १९०३ मध्ये अऱ्हेनिअसला नोबेल पारितोषिक मिळाले. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या सॉरेन्सनने पीएच मापन रूढ केले. एवढ्या फलदायी सिद्धांताचा एका अपवादापायी त्याग कोण करील? त्याच वर्षी ब्येरुमने क्रोमियम लवणांच्या रंगांवरून, तीव्र विद्युत् विच्छेद्ये पाण्यात पूर्णतः विगमित होतात, असे सुचविले. संहती वाढविली तरी त्यांचा रंग, विगमन घटत असते तर बदलावा तसा, बदलत नव्हता. १९१२ मध्ये मिल्नरने आयनांतील विद्युत् आकर्षणाचे गणित करून पाहिले. परंतु ते इतके क्लिष्ट होते की फारसे कोणी त्या वाटेस गेले नाही.

१९१८ मध्ये ज्ञानेंद्रचंद्र घोष यांचे निबंध लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे हे शिष्य तेव्हा कलकत्त्याच्या विज्ञान महाविद्यालयात होते आणि त्यांचे वय जेमतेम चोवीस होते. तीव्र विच्छेद्याचे विगमन पूर्ण असते, हे त्यांनी गृहीत धरले. विद्रावातही आयन स्फटिकातल्याप्रमाणे जालकात मांडलेले असतात आणि परस्परांचे आकर्षण तोडण्याइतकी गतिज ऊर्जा ज्यांच्यापाशी असते तेच विद्युत् वाहून नेतात, अशी त्यांची कल्पना होती. आयनांमधील अंतर संहतीच्या घनमुळावर अवलंबून असल्याने संवाहकतेच्या सूत्रातही घनमूळ आले. कोलराउशच्या मापनांतून अतिविरल विद्रावांसाठी वर्गमूळ निघत होते. घोषांचे जालक येथे टिकले नाही, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे.

तथापि पुढची हकीकत लक्षणीय आहे. झुरिच येथील भौतिकी मंडळात बाउअर यांनी घोषांच्या कार्यावर एक व्याख्यान दिले. त्यावरून आपणांस चालना मिळाली, असे डिबाय व ह्यूकेल यांनी १९२३ च्या आपल्या निबंधात नमूद केले आहे. त्यांनी जालक टाकून दिले. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचे, उष्णतेने सतत ढवळले जाणारे, एक सरासरी वातावरण कल्पिले आणि वर्गमूळ आपोआप हाती आले. आपल्याकडे कोणी घोषांचे सूत्र चुकले म्हणून त्यांचे नाव गाळतात, तर कोणी अभिमानापोटी त्यांना डिबायचे पूर्वसूरी ठरवितात. आमच्या मते दोन्ही भूमिका उतावळ्या आहेत. पूर्ण विगमनाची कल्पना घोषांची एकट्याची नव्हती आणि जालक चुकीचे होते. परंतु ब्येरुमचे सुचविणे व मिल्नरचे गणित जिथे थांबले होते, तिथून हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला तो त्यांच्यामुळे.

हायड्रोक्लोरिक अम्लाच्या त्या शेकडा ९२ चा अर्थही यानंतर पालटला. अम्लाचे आठ टक्के रेणू अभंग राहतात, असा तो नव्हता. आयन जवळजवळ सर्वच सुटे असतात. भोवतीच्या वातावरणाच्या ओढीमुळे त्यांची चाल मंदावते, एवढेच. या मंदावण्याचे समर्पक गणित लार्स ऑन्सागरने १९२६-२७ मध्ये पुरे केले.