भाराभर चिंध्या

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आपल्याकडच्या कोणत्याही घरात डोकावून पाहावे. एकही काम पुरे झालेले दिसत नाही. आकाशकंदिलाचा कामट्यांचा सांगाडा कोपऱ्यात उभा असतो, पण त्यावर कागद चढवायचा राहिलेला असतो. अंगणात मुलांनी दगडमातीचा किल्ला रचलेला असतो. त्याचा एक बुरूज ढासळलेला असतो आणि तटावर पेरलेले हळीव अजून रुजायचे असते. घरातल्या मुलीने रुमालावर घातलेला कशिदा अर्ध्यात टाकून रांगोळीचे ठिपके मांडायला घेतलेले असतात. अशा वेळी घरातील वडीलधारे माणूस एकवार सर्वांवरून नजर फिरवते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला निकाल देऊन मोकळे होते: 'एक ना धड, भाराभर चिंध्या!'

ही म्हण आजवर कोणाकोणाला ऐकून घ्यावी लागली, त्यांनी पुढे काय केले आणि त्यांच्या त्या चिंध्यांचे काय झाले, याचा शोध घेतला तर मौजेची माहिती हाती लागते. त्यासाठी फार दूर जावयास नको. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची भूमी पुरेशी आहे. हे दोन जिल्हे म्हणजे तसे एकाच घराचे दोन वाटे होत. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन 'दक्षिण सातारा' निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी या मुलखात इंग्रजी अंमलाच्या प्रदेशाला लागूनच सांगली, मिरज, औंध, फलटण अशी लहानमोठी संस्थाने विखुरलेली होती. औंध संस्थानचाच एक तुकडा सातारच्या बाजूला, दुसरा कुंडलला, तिसरा आटपाडीला. खुद्द तेही एक चिंध्यांचे बोचकेच होते म्हणा ना!

छंद हा शब्द आपण आज जरा गोंजारून वापरतो. पूर्वी त्याच गोष्टीला 'नाद' म्हणत. करणारा त्याला छंद म्हणे, पाहणारा नाद म्हणे, एवढाच काय तो फरक. परंतु आपल्या परंपरेत हातकामाची इतकी हेटाळणी मुळात नव्हती. वात्स्यायनाने दिलेली चौसष्ट कलांची यादी पाहावी. तीत चित्र काढणे आहे, माळा गुंफणे आहे, शिवणकाम आहे आणि सुतारकामही आहे. त्यांत थोर कोणती, किरकोळ कोणती, पोटासाठी कोणती आणि हौसेसाठी कोणती, असे भेद केलेले नाहीत. नागरक म्हणविणाऱ्याने त्यांतील बऱ्याच जाणाव्यात, अशीच तेथे अपेक्षा आहे. एका माणसाने एकच काम धरून बसावे हा आग्रह जातिधंद्यांनी धरला, आणि पुढे परीक्षा व नोकऱ्या यांनी तो पक्का केला.

पहिले उदाहरण सांगलीचे. विष्णु अमृत भावे यांचे वडील सांगली संस्थानच्या नोकरीत होते. मुलाचे चित्त मात्र अभ्यासापेक्षा कळसूत्री बाहुल्या करण्यात, गोष्टी रचण्यात आणि पदे जुळविण्यात रमे. लाकूड कोरावे, सांधे जुळवावेत, दोरी ओढताच हात कसा उचलला जाईल ते पाहावे. पुन्हा कपडे शिवावेत, मुखवटा रंगवावा. एका बाहुलीच्या पोटी सुतार, शिंपी, रंगारी आणि कथेकरी असे चार धंदे येतात. सरळ वाटेने जाणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने हा शुद्ध नाद होय.

१८४२ साली कर्नाटकातील एक भागवत मंडळी सांगलीस आली. तिचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात आले की, असे काही आपल्या भाषेत व अधिक नीटनेटके व्हावे. हे काम त्यांनी भाव्यांवर सोपविले. १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले आणि मराठी नाटकाचा प्रारंभ झाला. ५ नोव्हेंबर हा दिवस आज मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो, तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

त्या पहिल्या नाटकांची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. सूत्रधाराने पदे म्हणावयाची, त्यांवर पात्रांनी हावभाव करावयाचे आणि मग भाषणे आयत्या वेळी जुळवून बोलावयाची. ही रीत भागवतांच्या खेळांवरून आली, हे तर उघडच आहे. परंतु ती इतक्या लवकर भाव्यांच्या हातात बसली याचे कारण बाहुल्यांत असावे, असे मला वाटते. बाहुलीच्या खेळातही हेच घडते. एकजण पडद्याआडून कथा सांगतो आणि बाहुली ती करून दाखवते. 'सूत्रधार' या शब्दाचा बाहुल्यांच्या दोऱ्यांशी काही संबंध आहे की नाही, हा पंडितांचा वाद आपण त्यांच्यावरच सोपवू. भाव्यांच्या बाबतीत मात्र दोऱ्या हाताळलेला हातच पुढे माणसांची नाटकमंडळी चालवू लागला, यात शंका नाही. पदे त्यांची, तालमी त्यांच्या आणि पात्रांच्या वेशभूषेवर नजरही त्यांचीच. ज्याने एकच विद्या धरली असती, त्याला हे साधले नसते.

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि राजाश्रय आटला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरणे भाग पडले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईस प्रयोग केले. १९०१ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या बाहुल्यांपैकी काही पुढे कितीतरी वर्षांनी रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळविल्या. ज्यांना नाद म्हटले गेले त्या लाकडी चिंध्या संस्थानापेक्षा अधिक टिकल्या!

सांगलीच्या शेजारीच मिरज. तेथील सतार व तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची होत. लढायांचे दिवस सरले, तलवारींचे काम उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांच्यासारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता नवी बनविण्याची विद्या मिळविली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हा छंद नव्हे, हा पोटाचा धंदा. हे मी विसरलेलो नाही. परंतु हाताची विद्या एका जिनसेवर शिकावी आणि भलत्याच जिनसेवर फळास यावी, हा प्रकार छंदिष्टांपुरताच नाही, हे दाखविण्यास तो उपयोगी पडतो.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. १८६९ साली बेळगावकडील गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा चित्रे काढण्याच्या आणि यंत्रे उलगडून पाहण्याच्या नादी लागलेला. १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेला. तेथे कळले की, त्याच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने हा निकाल फाशीचाच म्हणावा लागेल. पण रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा ठेवली, आणि यंत्रांच्या आराखड्यांच्या रेखनाकडे वळले. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत त्यांनी हा विषय शिकविला. बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले. मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर. बाहेरून पाहणाऱ्याला ही सरळसरळ धरसोड दिसेल. कागदावर वस्तू डोळ्यांपुढे उभी करण्याची सवय मात्र या सर्व धरसोडीत एकच राहिली आहे.

बेळगावची कारखान्याची जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि पैशाचीही मदत केली. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. याच वाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. तिचे संपादक, लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, हे मुळात चित्रकार. नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेल्या पत्रिकेचे एक मोठे मराठी मासिक झाले. पाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. ओतशाळेच्या शेजारी छापखाना आणि छापखान्यात कुंचला, असे हे विचित्र गाव होते.

आता ज्यांनी तो माळ दिला त्या राजेसाहेबांकडे वळू. भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) हे १९०९ मध्ये गादीवर आले. यांच्या छंदांची यादी करू गेल्यास कागद पुरणार नाही. ते चित्रे काढीत. १९१६ मध्ये त्यांचे 'चित्ररामायण' प्रसिद्ध झाले. ते कीर्तन करीत. सूर्यनमस्कारांचा त्यांनी एवढा प्रसार केला की, संस्थानातील शाळांत ते नित्याचे झाले. अजिंठा आणि वेरूळ या लेण्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. १९३५ च्या इंदूरच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. चित्रकार असून वेदांचे गाढे अभ्यासक झालेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर त्यांच्याच आश्रयाने औंधास येऊन राहिले; म्हणजे राजा जसा, तसाच त्याला सोबतीही मिळाला. आणि हे सर्व चालले असता १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभारच प्रजेच्या हाती दिला.

येथे त्या म्हणीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. बाळासाहेबांची चित्रे रविवर्म्याच्या किंवा धुरंधरांच्या पंक्तीला बसतील असे कोणी म्हणणार नाही. एकाच कलेला त्यांनी सारे आयुष्य दिले असते तर कदाचित बसली असती; कदाचित नसतीही. परंतु १९३८ मध्ये त्यांनी औंधास यमाईच्या डोंगरावर जे संग्रहालय उभारले, ते पाहून यावे. रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रे एका आडगावच्या टेकडीवर नांदत आहेत. स्वतः रंग कालवून, फसून, पुन्हा कालवून ज्याचा हात बसला आहे, त्यालाच दुसऱ्याच्या रेषेची किंमत कळते. नुसत्या पैसेवाल्याने सोनेरी चौकटी जमविल्या असत्या. राजेसाहेबांच्या हौशी कुंचल्याचे खरे फळ त्यांच्या स्वतःच्या चित्रांत शोधू नये. ते त्या संग्रहाच्या निवडीत आहे.

तेव्हा म्हणीला उत्तर असे देता येईल: चिंध्या खऱ्या, पण त्यांना शिवणारा दोरा एक असतो, आणि तो माणसाच्या हातात असतो. एका कामात शिकलेले दुसऱ्यात उपयोगी पडते. ते कधी आणि कोठे, हे आधी सांगता येत नाही.

मात्र एवढ्यावर समाधान मानणे अन्यायाचे होईल. भाव्यांना आप्पासाहेब भेटले, किर्लोस्करांना बाळासाहेब भेटले आणि बाळासाहेब तर स्वतःच राजे होते. तिघांच्याही छंदाला कोणीतरी जागा, वेळ आणि पैसा दिला. ज्यांना यांतले काहीच मिळाले नाही त्यांच्या हातांचे काय?

ते हात आपल्या घरातच होते. या मुलखात जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या खऱ्याखुऱ्या चिंध्या थरावर थर घालून, धावदोऱ्याने शिवून वाकळ करतात. दुपारची भांडी झाल्यावर आणि संध्याकाळची चूल पेटण्यापूर्वी जो काय तास मिळे, त्यात हे काम होई. एक वाकळ अर्धी झालेली, जात्यावरचे दळण बाकी, मुलाचे अंगडे शिवायचे, सणाची रांगोळी, आणि घरात लग्न असले तर रुखवत. रुखवतात काय नसे? मण्यांची तोरणे, लोकरीची फुले, भरतकामाचे रुमाल, साखरेची आणि पिठाची चित्रे. मांडवात एक दिवस ते मांडले जाई, व्याही मंडळी कौतुक करीत, आणि दुसऱ्या दिवशी मोडले जाई. पाच कामे एकाच वेळी हाती ठेवून प्रत्येकात सौंदर्य आणणे ही विद्या या बायकांइतकी कोणाला साधली असेल? त्यांना त्याबद्दल ती म्हणही कोणी ऐकवीत नसे, कारण त्यांच्या कामाला काम समजतच नसत.

वाकळ फाटेपर्यंत पांघरली जाते आणि मग पुसणे होऊन जाते. म्हणून तिचा इतिहास उरत नाही. बाहुल्या उरल्या, नांगराचा कारखाना उरला, टेकडीवरचे संग्रहालय उरले. वाकळीची शिवण आजीकडून नातीकडे गेली ती केवळ पाहून पाहून. आणि नातीने पाहिलेच नाही तर ती तेथेच तुटते. नाटकाचा पहिला सूत्रधार आपण वर्षातून एकदा आठवतो. आपल्याच आजीच्या टाक्याचे नाव मात्र आपल्याला सांगता येत नाही.

याला उपाय मोठा नाही. घरात जुनी वाकळ, कशिद्याचा रुमाल, मण्यांचे तोरण असे काही उरले असेल, तर ते कोणी केले, कोणत्या साली, कोणत्या निमित्ताने, हे विचारावे आणि एका कापडाच्या पट्टीवर लिहून आतल्या बाजूस टाचून ठेवावे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे. आणि आज जे पोर एक काम टाकून दुसऱ्याला हात घालीत असेल, त्याच्या कामालाही एक कोपरा द्यावा. आप्पासाहेबांनी सांगलीत आणि बाळासाहेबांनी कुंडलच्या माळावर तेच केले होते. त्याला संस्थान लागतेच असे नाही.