न झालेल्या गोलचा इतिहास

आजचा विषय पाहून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, जन्मभर तर्कसंग्रह शिकवलात आणि आता गोलकीपर?" आम्ही म्हटलं, अरे बाबा, तोच तर्कसंग्रह आहे. फक्त घटाच्या जागी चेंडू आलाय.

आज सकाळी इथे आहुप्यात पोरं खेळत होती. दोन धोंडे ठेवले की झाला गोल. वर आडवा दांडा नाही. मग चेंडू डोक्यावरून गेला की भांडण ठरलेलं: गोल की वरून गेला? निकाल कसा लावतात, तर गोलमध्ये उभ्या असलेल्या पोराचा हात जिथवर पोचतो तिथवर गोल. म्हणजे बुटक्या पोराला गोलमध्ये ठेवावं, गोल आपोआप लहान होतो! हा न्याय आम्हांला फार आवडला.

आम्हांला फुटबॉलची ओळख झाली ती मुंबईत. जुन्नर-आंबेगावच्या या पश्चिम पट्ट्यातली माणसं पावसाळ्यात भात लावायची, हिरडा गोळा करायची आणि उरलेलं वर्ष मुंबई. आमचे चुलते गोदीत होते. त्यांना फुटबॉलचं वेड. दहा-बारा वर्षांच्या आम्हांला ते कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने दाखवायला न्यायचे. जागा मिळायची ती गोलच्या पाठीमागे. तिथून गोलकीपरची पाठ दिसते. सामना सगळा पलीकडे चाललेला आणि हा माणूस एकटाच इकडे. पण बारकाईने पाहिलं तर तो कधी स्वस्थ नसतो. चेंडू पार त्या टोकाला असला तरी पाय हलत असतात आणि तोंड चालू असतं: "डावीकडे बघ", "सोडू नको त्याला". गोलकीपरला किती बोलावं लागतं हे मागे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

हा खेळ आपल्याकडे आणला गोऱ्या पलटणींनी, आणि त्यात स्कॉटिश लोक पुढे होते. १८८८ साली सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला. पहिल्या अंतिम सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला हरवलं. दोन्ही पलटणी स्कॉटिश. मुंबईचा रोव्हर्स कप त्यानंतर तीन वर्षांनी, १८९१ मध्ये. १८९३ मध्ये तिकडे स्कॉटलंडमध्ये पैसे घेऊन खेळण्याला अधिकृत मान्यता मिळाली. आपल्याकडे खेळ आला, पण हा पेशा मात्र लगेच आला नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर स्कॉटलंडमधला एक मुलगा. जॉन थॉमसन. जन्म २८ जानेवारी १९०९, फाइफ परगण्यातला, कोळशाच्या खाणींचा मुलूख. चौदाव्या वर्षी खाणीत उतरला. गावच्या संघात गोलकीपर म्हणून उभा राहायचा. १९२६ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने त्याला १० पौंड देऊन करारबद्ध केलं, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. फेब्रुवारी १९२७ मध्ये डंडीविरुद्ध पहिला सामना, आणि त्याच मोसमात स्कॉटिश कप जिंकणाऱ्या संघात तो होता. १९३१ मध्ये पुन्हा कप. स्कॉटलंडकडून चार सामने. उंची फारशी नव्हती, पण उडी आणि हाताची पकड अशी की लोक केवळ त्याच्यासाठी यायचे. सेल्टिकसाठी १८८ सामने, त्यातल्या ६४ सामन्यांत समोरच्यांना एकही गोल नाही.

त्याचा धोका एकच होता. समोरच्याच्या पायावर डोकं घालून तो चेंडू काढायचा. १९३० मध्ये असंच करताना जबडा मोडला, बरगड्या मोडल्या, दात गेले. आई म्हणाली, सोड हे. त्याने सोडलं नाही. सोडून जाणार कुठे, परत खाणीत? पेशा म्हणजे काय, हे त्या घरात आईला आणि मुलाला, दोघांनाही ठाऊक होतं. खाण काही आयब्रॉक्सच्या मैदानापेक्षा सुरक्षित नव्हती.

५ सप्टेंबर १९३१. रेंजर्सचं आयब्रॉक्स मैदान, सुमारे ८०,००० माणसं. उत्तरार्ध नुकताच सुरू झालेला. रेंजर्सचा सॅम इंग्लिश चेंडू घेऊन एकटाच पुढे आला. थॉमसनने नेहमीप्रमाणे त्याच्या पायांवर झेप घेतली. इंग्लिशचा गुडघा त्याच्या डोक्यावर आदळला, कवटीचं हाड आत दबलं. चेंडू गोलबाहेर गेला. बदली खेळाडू उतरवायची तेव्हा सोय नव्हती. मधल्या फळीतला एक गडी गोलमध्ये उभा राहिला आणि सामना पुरा झाला. त्याच रात्री रुग्णालयात थॉमसन गेला. वय २२. अंत्यविधीला कार्डेन्डनमध्ये हजारो लोक आले. त्यातले कित्येक ग्लासगोहून पन्नासेक मैल पायी चालत गेले होते. आणि सॅम इंग्लिश? अपघात होता, त्याचा दोष नाही, असा निर्वाळा मिळाला. त्या मोसमात त्याने लीगमध्ये ४४ गोल केले. पण मैदानोमैदानी लोकांनी त्याला छळलं, आणि खेळातला त्याचा आनंद गेला तो गेलाच.

आता सामन्याचा निकाल सांगतो. शून्य-शून्य.

इथे आम्हांला थोडं आमच्या शास्त्राकडे वळू द्या. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात सात पदार्थ सांगितलेत. द्रव्य, गुण, कर्म वगैरे सहा, आणि सातवा अभाव. 'जमिनीवर घडा नाही' हे ज्ञान कसलं? नैयायिक म्हणतात, अभाव ही खरी गोष्ट आहे आणि ती डोळ्यांनी कळते. कुमारिल भट्ट म्हणतात, डोळ्यांनी नव्हे, त्याला वेगळंच प्रमाण लागतं, अनुपलब्धी. वर्गात मुलं कंटाळायची. नसलेल्या घड्यासाठी एवढा वाद कशाला, म्हणायची. पण एक मुद्दा दोन्ही पक्षांना मान्य आहे. नुसता अभाव नसतो. अभाव कशाचा तरी असतो. त्याला प्रतियोगी लागतो. घडा असू शकला असता म्हणून घड्याचा अभाव.

मंडळी, फुटबॉलच्या नोंदवहीत गोल लिहितात. कुणी मारला, कितव्या मिनिटाला. जो झाला नाही तो गोल लिहायला रकाना नसतो. एखादा संघ शून्यावर राहिला तर त्यात दोन गोष्टी एकत्र होतात. चेंडू गोलकडे आलाच नाही, तेही शून्य. दहा वेळा आला आणि एकाने दहा वेळा अडवला, तेही शून्यच. पहिल्या शून्याला प्रतियोगी नाही, दुसऱ्याला दहा आहेत. इतिहास लिहिणाऱ्याने हा फरक कसा पकडावा? कागद तर दोन्हीकडे कोराच. गोलकीपरच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणं म्हणूनच अवघड. त्याने खाल्लेले गोल तेवढे छापलेले असतात.

कामूची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. आल्बेर कामू अल्जिअर्सच्या विद्यापीठ क्लबचा गोलकीपर होता. १९३० मध्ये, सतराव्या वर्षी, क्षयाने त्याचा खेळ संपला. तत्त्वज्ञ व्हायला हा एक मार्ग आहे, पण शिफारस करणार नाही.

आता मुंबईला येऊ. एस. एस. नारायण. जन्म १९३४, केरळातल्या ओट्टपालमचा, वाढले माटुंग्याला. मुंबईच्या मैदानांवर त्यांचं नाव 'बाबू'. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारताच्या संघात दोन गोलकीपर होते, पीटर थंगराज आणि नारायण. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. हंगेरीने माघार घेतली, मग भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. त्यात मुंबईच्याच नेव्हिल डिसूझाचे तीन गोल. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून १-४, ब्राँझसाठी बल्गेरियाकडून ०-३. भारत चौथा. त्याच्या वर भारतीय फुटबॉल ऑलिंपिकमध्ये कधी गेला नाही. १९६० ला रोममध्येही नारायण संघात होते. त्यानंतर भारत ऑलिंपिकच्या फुटबॉलला पात्रच ठरलेला नाही. नेव्हिलचे तीन गोल आजही कुणीही सांगेल. त्या संघाचे गोलकीपर कोण, हे विचारून बघा.

दोन गोलकीपर म्हणजे काय, याचाही विचार करा. बाकीच्या जागांवर माणूस इकडून तिकडे सरकवता येतो. गोलची जागा एकच. एक उभा राहिला की दुसरा बसला. दुसऱ्याने सराव तितकाच करायचा, हाताला सूज तितकीच, आणि सामनाभर वाट पाहायची, तीही सोबत्याला दुखापत होऊ नये असं मनात म्हणत. हा स्वभाव घडवायला कोणता योग लागतो, आम्हांला कुतूहल आहे.

आता तो मघाचा पेशाचा मुद्दा. थॉमसनचं पोट चेंडूवर होतं. नारायण यांच्या पिढीचं पोट होतं नोकरीवर. मुंबईत तेव्हा फुटबॉल चालायचा तो कंपन्यांच्या संघांवर. कॅल्टेक्स ही तेलकंपनी, टाटा, गिरण्या, रेल्वे. कंपनी नोकरी द्यायची, संध्याकाळी सरावाला सोडायची, निवृत्त झाल्यावर फंड-पेन्शनचं बघायची. कागदावर खेळाडू हौशी. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला. १९६४ मध्ये महाराष्ट्राने मद्रासला संतोष ट्रॉफी जिंकली. नारायण यांच्या पिढीची ही कमाई. या व्यवस्थेला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. साहेबी खेळ आणि कारकुनी मन, असं म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. बाविसाव्या वर्षी गोलमध्ये डोकं घालायचं की नाही, हे ठरवताना ज्याच्या मागे नोकरी उभी आहे तो माणूस वेगळा ठरवतो, आणि ज्याच्या मागे खाण आहे तो वेगळा. नारायण २०२१ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यात वारले. वय ८६. पुढे कॅल्टेक्स हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली आणि रोव्हर्स कपही या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडला. नोकरीवर उभा राहिलेला खेळ नोकऱ्यांबरोबर गेला, हेही खरं. म्हणजे आमच्याच बोलण्याला हा उलटा पुरावा आहे, तो लपवत नाही.

गोव्यात गोष्ट अर्धी अशी आणि अर्धी तशी. तिथे खाणीच होत्या, पण लोहखनिजाच्या, आणि मजुराऐवजी मालक फुटबॉलमध्ये उतरले. साळगावकर, धेंपो, सेसा. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर, जन्म १९५४, दीर्घ काळ साळगावकरच्या गोलमध्ये उभे होते. भारताचे कर्णधारही झाले. गोलकीपर कर्णधार हे तसं गैरसोयीचं, पंचाशी वाद घालायला मैदानभर पळत यावं लागतं. पण सगळं मैदान समोर दिसतं ते त्यालाच. १९८३ ला कोलकात्यात संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना गोवा आणि बंगाल यांच्यात झाला. शून्य-शून्य. पुन्हा खेळवला. पुन्हा शून्य-शून्य. शेवटी ट्रॉफी दोघांना वाटून दिली. गोव्याचं हे पहिलंच विजेतेपद, आणि अंतिम फेरीत गोल एकही नाही. पुढच्या वर्षी पंजाबला १-० ने हरवून ती एकट्याने जिंकली. ब्रह्मानंदांना १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. खेळणं थांबल्यावर किती वर्षांनी, ते तुम्हीच मोजा.

एक गोष्ट सांगावी की नाही, याचा आम्ही रात्रभर विचार करत होतो. तुम्ही घोडेगावहून इकडे आलात ते डिंभे धरणाच्या काठाकाठाने. त्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, जन्म १९०८. मुंबईला गिरणीत गेला. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वय २२. थॉमसन जन्मला त्याच्या पुढच्या वर्षी, आणि गेला नऊ महिन्यांनी, तोही २२ वर्षांचा. एक गिरणीतला, एक खाणीतला. आम्ही तुलना करत नाही. एकाने देशासाठी जीव दिला, दुसऱ्याचा खेळात गेला. दोन्ही एका तागडीत घालणं गैर होईल. पण येणाऱ्या वस्तूच्या वाटेत स्वतःचं अंग घालायचं, आणि ती पुढे जाऊ द्यायची नाही, एवढ्यासाठीच, ही कृती दोघांचीही आहे. आणि दोघांच्याही बाबतीत नोंदवहीवाल्याची अडचण तीच: जे अडलं ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

सकाळी त्या धोंड्यांमधल्या पोराला आम्ही विचारलं, किती गोल अडवलेस? म्हणाला, "मोजले नाहीत, पण तीन गेले." त्याला ते तीनही आठवत होते. पहिला पायांमधून, दुसरा डाव्या धोंड्याला लागून आत, आणि तिसरा, त्याच्या मते, वरून गेला.

बरं, घोडेगावची एसटी सुटायच्या आत दोन-तीन प्रश्न घेऊ. विचारा.